प्लास्टरची अंडी

१

अंडे ऐकायचे ते डाव्या कानाने. उजवा कान एतेल्काला दोन वर्षांपासून धड साथ देत नव्हता. सकाळची कॉफी झाली की ती नवऱ्याचा जुना लोकरी कोट चढवायची, स्वयंपाकघरामागच्या बोळातल्या शिडीच्या अकरा पायऱ्या चढायची, माळ्याचे झाकण डोक्याने वर ढकलायची आणि आत शिरल्याबरोबर ते पाठीमागे लावून घ्यायची. झाकण उघडे टाकायचे नाही, हा त्या घरातला पहिला नियम. माळ्यावर पाळलेल्या या आखूड चोचीच्या जातीच्या कबुतरांचे डोळे इतके बाहेर आलेले आणि त्यांभोवतीची कड इतकी जाड, की पायाखालचे भोक त्यांना दिसत नाही. पडली की पडली.

झाकणाला खालून खटक्याची कडी होती. शेजारची मांजरे वर घुसू नयेत म्हणून व्हेंडेलने, तिच्या नवऱ्याने, ती बसवली होती. झाकण पुरते बसले की कडी आपोआप लागे, आणि आतून ती उघडायची सोय नव्हती. म्हणून झाकण लावताना फटीत ओकच्या लाकडाचा एक गुटका सरकवायचा, हा दुसरा नियम.

मग खरे काम. अठरा दिवस झालेले अंडे उचलायचे, कानाशी धरायचे. आत टकटक ऐकू आली की पिल्लू तयार. साध्या कबुतराचे पिल्लू चोचीने कवच फोडून आपले आपण बाहेर येते. यांच्या पिल्लाची चोच जवाच्या दाण्याएवढी. ती कवचाला पोचतच नाही. पिल्लू कपाळ आपटत राहते आणि दमून मरते. एतेल्का करंगळीच्या नखाने अंड्याच्या जाड टोकाला भोक पाडायची, कवचाची टोपी उचलायची आणि तो ओला गोळा एखाद्या लांब चोचीच्या गावठी कबुतरीखाली सरकवायची. कारण सख्ख्या आईला त्याला भरवताही येत नाही. एकतीस वर्षे हेच चालले होते. बुडापेस्टच्या क्योबान्या भागातल्या त्या घरातले बक्षीस मिळवलेले एकही कबूतर तिच्या करंगळीशिवाय जगात आले नव्हते.

अंडी गावठी कबुतरीखाली हलवली की खऱ्या जोडीखाली प्लास्टरची खोटी अंडी ठेवतात. नाहीतर मादी लगेच पुन्हा अंडी घालते आणि झिजून जाते. मार्चमधल्या एका सोमवारी एतेल्काने करड्या जोडीखालचे असेच एक प्लास्टरचे अंडे पुसायला उचलले. सवयीने हात कानाकडे गेला.

आत टकटक होत होती.

२

तिने अंडे जागेवर ठेवले आणि खाली येऊन बटाटे सोलायला घेतले. शिडी चढून छाती धडधडत असणार, तेच कानात वाजले असेल. अडुसष्टाव्या वर्षी माणसाला काहीबाही ऐकू येते.

व्हेंडेल नोव्हेंबरात गेला. मुलगी बोर्का तेव्हापासून मागे लागली होती, आई, सेगेदला ये, तुझी खोली तयार आहे, खिडकीतून नदी दिसते. एतेल्काने होकार दिला होता. बॅग कपाटावरून खाली उतरली होती. आणि फेब्रुवारीत गाश्पार आला. गाश्पार म्हणजे व्हेंडेलचा चाळीस वर्षांचा दोस्त, कबूतरवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष, प्रदर्शनात पांढरा कोट घालून गुण देणारा पंच.

"वहिनी, फक्त एक वीण," आलुबुखाराच्या दारूचा पेला हातात घेऊन तो म्हणाला. "करड्या जोडीची. अठरा दिवस. मग मी सगळी कबुतरं घेऊन जातो, तुम्ही खुशाल नातवंडांचे लाड करा."

"अंडी आत्ताच न्या ना भावजी."

"आणि फोडणार कोण? ही बोटं?" त्याने आपले जाडजूड पंजे टेबलावर पसरले. "मागच्या साली चार फोडली मी. चारही पिल्लं रक्ताळली. थोडी घाई झाली. ते तुमच्या कानाला कळतं, आणि तुमच्या नखाला."

"मग नख कापून देते. डबीत घालून न्या."

गाश्पार खोकत खोकत हसला. तंबाखूने लागलेला त्याचा खोकला तो घरात शिरण्याआधी फाटकातूनच ऐकू यायचा. "अहो, एक सांगायचं राहिलं. मंडळाने नवा नियम केलाय. चोच अजून अर्धा मिलिमीटर आत."

"आत म्हणजे कुठे? मेंदूत?"

"दिसायला फार गोड दिसतं हो. अगदी तान्ह्या बाळासारखा चेहरा."

"आणि तान्हं बाळ खाणार कसं? आत्ताच खोल वाटीत दाणे द्यावे लागतात. पिसांतल्या उवा त्यांना टिपता येत नाहीत, मी पावडर चोळते. डोळे सुजतात, मी थेंब घालते."

"तेच म्हणतोय मी. तुम्ही आहात ना."

घरात मीठ आहे ना, असे विचारावे इतक्या सहज तो हे बोलला. ती निघून जाणार आहे, याबद्दलच आपण बोलत होतो, हे त्याच्या गावीही नव्हते.

एतेल्का अठरा दिवसांना हो म्हणाली. असे हो म्हणायला तिला एकतीस वर्षांची सवय होती. आई शेवटच्या आजारात होती तेव्हाही माळ्यावर सोळाव्या दिवसाची सहा अंडी होती. दोनच दिवस थांबून जाऊ, असे ठरवले होते. पोचली तोवर मातीही देऊन झाली होती.

३

मंगळवारी ते प्लास्टरचे अंडे तिने कोटाच्या खिशातून खाली आणले. टेबलावर रुमालाची चुंबळ करून त्यावर ठेवले आणि समोर बसली.

टक. टक टक. क्षणभर काही नाही. टक.

नळ ठिबकत नव्हता. घड्याळ बंद करून पाहिले. फ्रिजची वायर काढली. भिंतीपलीकडे सुतारकाम चालू आहे का, हे पाहायला ती अंगणात जाऊन आली. अंगणात बर्फ होते आणि कुठलाही आवाज नव्हता. परत आली तर अंडे वाजतच होते. माळ्यावरच्या थंडीतून उबेत आणले, प्लास्टर तडकत असेल, असे तिने ठरवले. तडकणारी वस्तू दमून थांबत नाही आणि मग नेटाने पुन्हा सुरू करत नाही, हेही तिला माहीत होते. अंड्यातला दम तिच्याइतका कोणी ऐकला नव्हता.

तिने अंडे पावाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण लावले. तेवढ्यात बोर्काचा फोन आला.

"गुरुवारी नक्की ना, आई? दोनची गाडी."

"नक्की. गुरुवारी अठरावा दिवस. सकाळी एक पिल्लू काढलं की मी मोकळी."

"एकच?"

"दुसरं अंडं दिव्यासमोर धरलं तर रिकामं निघालं."

"तू सुईण आहेस का गं त्यांची? का मोलकरीण? बाबांनी तुला एकदा तरी प्रदर्शनाला नेलं?"

"माळ्यावर कोण बघणार होतं?"

"हो, तेही खरंच. बाबांना कप, तुला शिडी." बोर्काने कानोसा घेतला. "आई, आधी दार उघड जा. कोणीतरी केव्हाचं वाजवतंय तुझ्याकडे."

एतेल्काने दाराकडे पाहिले नाही. पावाच्या डब्याकडे पाहिले.

"हो," ती म्हणाली. "जाते."

४

मांस कुटायच्या हातोडीने तिने ते फोडले. पहिल्या घावात टवका उडाला. दुसऱ्यात अंडे उभे दुभंगले.

प्लास्टर भरीव नव्हते. नखाएवढ्या जाडीचा, घोटून गुळगुळीत केलेला तो एक थर होता, आणि त्याच्या आत दुसरे कवच होते. पातळ, पिवळट, खरे.

व्हेंडेल गिलाव्याचा कारागीर होता. शहरातल्या जुन्या नाट्यगृहांच्या छतांवरची वेलबुट्टी त्याने दुरुस्त केलेली. खोट्या अंड्यांचे वजन आणि आकार त्याच्यासारखे कोणालाच साधत नाही, असे सगळे मंडळ म्हणायचे. साचा कुठला वापरतो, हे त्याने कधी कोणाला सांगितले नाही.

एतेल्काने टोपी उचलावी तसे ते कवच उचलले. आत वाळून काळे पडलेले काहीतरी होते. बहुतेक सगळे डोकेच. चोच शोधावी लागत होती. कपाळ जिथे टेकले होते, तिथे कवचाला आतून एक खळगा पडला होता, बोटाने घासून पाडावा तसा, आणि तो चकाकत होता.

तिने बोट लावून पाहिले. खळगा ओला होता.

"राहू दे." हे व्हेंडेलचे शब्द. एखाद्या जोडीची रंगसंगती चुकली, पिल्लाच्या पंखावर नको तो पांढरा डाग येणार असे त्याला वाटले, की तो शिडीखालून सांगायचा, "ते राहू दे. यातून काही निघायचं नाही." मग ती ते अंडे उघडत नसे. दीड दिवस ते वाजायचे. माळ्याखालच्या स्वयंपाकघरात तिला ते ऐकू यायचे, निदान तसे वाटायचे. ती भांडी घासायला घ्यायची आणि नळ मोठा सोडायची. नंतर व्हेंडेल अंडे घेऊन जायचा. लायलॅकच्या झाडाखाली पुरतो, असे तिने धरून चालले होते. विचारले कधीच नव्हते.

तिने ते सगळे रुमालात गुंडाळून झाडाखाली पुरले. जमीन गोठलेली होती. उकरताना चमचा वाकला.

५

बुधवारी माळ्यावर पाऊल ठेवले आणि तिला सगळीकडून ऐकू आले.

अकरा खोटी अंडी होती. प्रत्येक जोडीखालून तो आवाज येत होता, वेगवेगळ्या दमाचा. कबुतरे मात्र शांत बसली होती. फुगीर कपाळे, बाहेर आलेले डोळे, मोत्यासारखी पांढरी बुबुळे, भोवती लाल कडा. तिच्याकडे बघत होती की नुसती बघत होती, ते यांच्या बाबतीत कधीच कळत नसे.

ती मधोमध उभी राहिली आणि तिचे डोके तुळईला लागले. लग्नानंतर या तुळईखाली ती आरामात उभी राहायची. दोरी बांधून कपडे वाळत घालायची. माणूस म्हातारपणी खुजे होते, उंच होत नाही. दर वसंतात व्हेंडेल गोचिडांवर उपाय म्हणून माळ्याला आतून चुन्याचा आणि प्लास्टरचा हात द्यायचा. कोपरे बुजत गेले. हवा लागते म्हणून कबुतरांची जाळीही त्याने लिंपून टाकली. राहिली फक्त छपरातली हातभर काच, तिच्यावर आज बर्फ. पांढरा उजेड सगळीकडून सारखा येत होता. एकही कोपरा असा नव्हता जिथे भिंत संपते आणि छत सुरू होते. एका वर्षाला एक थर, थर कागदाएवढा. त्याने खोली एवढी लहान होत नाही, असा हिशेब तिने मनात मांडला. मग हात पसरले. दोन्ही हातांची बोटे भिंतींना टेकली.

खाली येऊन तिने गाश्पारला फोन लावला.

"भावजी, प्लास्टरची अंडी वाजतात."

पलीकडे खोकला. "वहिनी, घरात एकटं राहिलं की असं होतं. माझी बहीण कपाटाशी बोलायची. टीव्ही लावत जा."

"एक फोडलं मी. आत पिल्लू होतं."

पलीकडे पेला टेबलावर टेकल्याचा आवाज आला.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"सगळेच करतात हो. अंडं टाकून देण्यापेक्षा... मादीला वजन ओळखीचं लागतं. तुम्ही आता जुनं उकरू नका. उद्या अकराला येतो. ते पिल्लू तेवढं नीट काढा."

"उद्या मी अकराच्या अकरा उघडणार आहे."

"आता त्यांचा काय उपयोग?"

"उपयोग तुम्ही बघा. तुम्ही पंच आहात."

६

गुरुवारी तिने बॅग बोळात आणून ठेवली, बॅगेवर तिकीट. गाश्पारसाठी बाहेरचे दार नुसते लोटून ठेवले. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला. कोट चढवला आणि अकरा पायऱ्या चढली.

आधी खरे अंडे. गावठी कबुतरीखालून ते काढले. उबदार होते. डाव्या कानाशी धरले. आत दम होता, टकटक अजून नव्हती. तासाभराचा अवकाश. तिने ते कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवले आणि खोटी अंडी गोळा करून झाकणाशेजारी गुडघ्यांवर बसली. 

हातोडी खालीच राहिली होती. ती आणायला तिने गुटका काढून झाकण उचलले आणि खांद्याला टेकवले.

पुन्हा उतरायचे आणि चढायचे, गुडघे नको म्हणत होते. हातात गुटका होता, ओकचा, मुठीत मावणारा, जड. तिने पहिले अंडे फळीवर ठेवले आणि गुटक्याने घाव घातला. सोपे गेले. दुसरे घेतले. तेवढ्यात करडी मादी घरट्यातून उतरली आणि भोकाच्या दिशेने डुलत डुलत येऊ लागली, डोळे छताकडे. एतेल्काने खांदा काढला. झाकण पडले.

खट.

एकतीस वर्षांत तो आवाज तिने आतून कधी ऐकला नव्हता. गुटका तिच्या हातात होता.

७

झाकणाला बोट घालून उचलायचे एक भोक होते. तिने बोट घालून ओढले, मग दोन्ही हातांनी कडेला नखे रोवून ओढले. कडी भोकापासून वीतभर लांब. बोट पोचत नव्हते. भोकाला डोळा लावला तर बोळातल्या हिरव्या फरश्या आणि बॅगेचा एक कोपरा दिसत होता. तिकीट दिसत होते.

घाबरण्यासारखे काही नाही, तिने स्वतःला बजावले. अकराला गाश्पार येईल.

तिने उरलेली अंडी फोडली. एकही राहू दिले नाही. प्रत्येकाची टोपी उचलली, प्रत्येकाचा खळगा पाहिला, पुढे पुढे न पाहता नुसता बोटाने चाचपला. अकरावे झाले तेव्हा पांढऱ्या धुळीने तिचा घसा बसला होता. आता आवाज थांबायला हवा होता.

थांबला नाही. तो आता भिंतींमधून येत होता, गिलाव्याच्या खालून, सगळीकडून सारखा. आतून की बाहेरून, हे डाव्या कानालाही सांगता येईना.

खाली मोबाइल वाजला, बराच वेळ वाजला, मग थांबला. बोर्का असणार. तिने हाक मारली. लिंपलेल्या त्या पोकळीत हाक उमटल्या जागीच विरली.

मग बाहेरचे दार वाजले.

गाश्पार फाटकातून खोकत येतो. "वहिनी" म्हणून ओरडत येतो. हे कोणीतरी न खोकता, न बोलता आत आले. पावले बोळात आली आणि शिडी करकरली. एक. दोन. ती मोजत होती. अकराव्या पायरीवर पावले थांबली.

"भावजी?" तिच्या तोंडून नुसता फुसफुसाट निघाला.

पलीकडे शांतता. ती शांतता तिला ओळखीची होती. श्वास रोखून, कान टेकवून, आत दम आहे का हे ऐकणाऱ्याची ती शांतता होती. आयुष्यभर ती स्वतः तशीच शांत राहत आली होती. तिने गुटका उचलला आणि फळीवर मारला. टक. टक टक. थांबली, दम घेतला, पुन्हा मारला. भोकातून येणारा उजेड एकदम गेला.

तिने वाकून पाहिले. भोकात डोळा होता. त्याने भोक काठोकाठ भरले होते, त्यामुळे तो केवढा असेल ते कळत नव्हते. पापणी नव्हती. बुबुळ मोत्यासारखे पांढरे, भोवती लाल, सुजलेली कड. तो तिच्याकडे बघत होता की नुसता बघत होता, ते कळले नाही. त्याने सावकाश तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिले. बक्षीस द्यायच्या आधी पाहतात तसे.

"राहू दे," झाकणापलीकडून कोणीतरी कोणाला तरी सांगितले. "यातून काही निघायचं नाही."

डोळा गेला. उजेड आला. पावले उतरली. तिने मोजली, अकरा.

तिने झाकणाची कड नखांनी ओरबाडली, मग त्यावर गुटका आपटला, मग मुठी, मग कपाळ. किती वेळ, तिला समजले नाही. दमून थांबली तेव्हा छातीशी काहीतरी हलले. आतल्या खिशातले अंडे वाजू लागले होते. अगदी वेळेवर, जोमाने.

तिने ते ओंजळीत घेतले आणि सवयीने करंगळी जाड टोकाला लावली. करंगळीला नख नव्हते. झाकण ओरबाडताना ते मुळापासून उपटले होते, आणि ते तिला आत्ता दिसत होते. बाकीच्या बोटांचीही तीच गत. गुटका उचलून पाहिला, पण त्याच्या घावाने पिल्लूच चिरडले असते.

"थांब," ती अंड्याला म्हणाली. "थांब जरा."

ते थांबले नाही. तिनेही पुन्हा कपाळाने झाकण वाजवायला सुरुवात केली. आवाज खाली पोचत असणार. या माळ्यावरचे सगळे खाली ऐकू येते, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते.

खाली स्वयंपाकघरात कोणीतरी नळ मोठा सोडला.